दोर आधी, करवत नंतर

मे महिना उतरणीला लागला की सुरतेतल्या सोसायट्यांच्या बैठकीत झाडांचा विषय हमखास निघतो. पावसाळा तोंडावर आलेला असतो आणि आवारातला गुलमोहर गाड्यांवर झुकलेला असतो. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ सौराष्ट्रात ऊनाजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा सुरतेतही झाडे पडली होती. ती आठवण ताजी असलेल्या माणसाला घाई होणे साहजिक आहे. मग कोयता आणि कुऱ्हाड घेतलेला कोणीतरी बोलावला जातो, भाव ठरतो आणि संध्याकाळपर्यंत झाडाचा नुसता खांब उरतो. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथे स्थिरावलेली खानदेशी कुटुंबे असोत की अडाजण-वेसूच्या नव्या इमारतींतले रहिवासी, हा निर्णय घेणारे बहुतेक जण चांगल्या हेतूनेच तो घेतात. त्यांच्यासाठी, आणि या कामात उतरू पाहणाऱ्या तरुणांसाठी, या लेखाचे सांगणे एकच आहे. झाड छाटायला माणूस बोलावताना ‘किती घेणार?’ हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न ‘दोर कोणता आहे?’ हा असू द्या. माणूस झाडावर किती निर्धास्तपणे उभा राहू शकतो, यावरच त्याचा काप योग्य जागी पडणार की नाही हे ठरते. माणसाला सांभाळणारी साधने झाडालाही सांभाळतात.

हे पटण्यासाठी आधी झाडाची जखम समजून घ्यावी लागते. आपल्या कातडीवरची जखम भरते, कारण मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात. झाडाला ही सोय नाही. एकदा चिरलेले लाकूड पुन्हा जुळत नाही. झाड त्या भागाभोवती आतून भिंती घालते आणि बाहेरून नव्या सालीचे कडे वाढवून तोंड बंद करते. अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून आतली कूज कुठून कुठे जाते ते पाहिले, आणि १९७७ मध्ये या भिंतींची चौकट मांडली. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते. शर्टाच्या कॉलरीसारखी ती फांदीला वेढून असते, आणि या कामात तिला कॉलरच म्हणतात. कूज खोडात शिरू नये म्हणून झाडाने केलेला बंदोबस्त या भागात सर्वांत पक्का असतो. काप कॉलरच्या जरा बाहेर पडला तर झाड तो कडेने मिटवू शकते. खोडाला चाटून घेतलेल्या कापात कॉलरच निघून जाते आणि कुजीला खोडाचे दार उघडे मिळते. उलट हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि आलेले कडे त्याच्यावरून बंद होऊ शकत नाही. बरे-वाईट काय ते या दोन-चार बोटांच्या अंतरात ठरते.

आता कोयत्याने शेंडा उडवण्याच्या पद्धतीकडे पाहू. बारडोलीच्या बाजूला उसाच्या फडात कोयत्याला तोड नाही, कारण उसाचे कांडे एका घावात तुटते आणि जमिनीत राहिलेल्या बुंध्यातून खोडवा फुटावा हीच अपेक्षा असते. मनगटाएवढ्या फांदीवर मात्र तेच हत्यार चार-पाच घाव मागते. प्रत्येक घाव वेगळ्या जागी पडतो, साल फाटते आणि शेवटी फांदी आपल्याच वजनाने खाली येताना खोडाची पट्टी सोलून नेते. शेंडा उडवलेल्या झाडाची पाने जवळजवळ सगळी गेलेली असतात, म्हणजे त्याचे स्वयंपाकघरच बंद होते. जगण्यासाठी ते साठवलेले अन्न खर्चून कापाखालून फुटवे काढते. हे फुटवे भराभर वाढतात, पण मूळच्या फांदीसारखे लाकडात खोल रुजलेले नसतात. सालीजवळच्या वरच्या थराला लटकलेले असतात. दोन-तीन पावसाळ्यांत ते जड होतात आणि त्यांच्या खालचे लाकूड तोवर कुजू लागलेले असते. गुलमोहर आणि सोनमोहर मुळातच ठिसूळ लाकडाचे, तर पर्जन्यवृक्षाच्या आडव्या फांद्या फार लांब आणि जड. भीतीपोटी उडवलेला शेंडा अशा झाडांत पुढच्या भीतीची सोय करून ठेवतो.

योग्य काप तीन टप्प्यांत घेतला जातो. खोडापासून सुमारे हातभर अंतरावर फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या पाव ते एक तृतीयांशापर्यंत पहिला काप. त्याच्या थोडे बाहेर वरून दुसरा. फांदी इथे मोडून पडते आणि सोलत आलेली साल पहिल्या कापापाशी थांबते. आता वजन नसलेला खुंट उरतो, तो कॉलरच्या बाहेरून तिसऱ्या कापाने सावकाश काढायचा. यासाठी कुऱ्हाड-कोयत्यापेक्षा करवत हवी, आणि तीही ओढताना कापणारी, किंचित वाकड्या पात्याची. ओढताना पाते ताठ राहते, त्यामुळे ते पातळ ठेवता येते आणि एका हाताच्या ताकदीत काम होते. बोटाएवढ्या डहाळ्यांसाठी सिकेटर पुरते. नाशिकच्या द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी पाहिलेल्या माणसाला सिकेटरची धार आणि कापाची जागा यांचे नाते वेगळे सांगायला नको. जमिनीवरून पोचणाऱ्या लहान फांद्यांसाठी लांब दांड्याची करवत चालते. ती वापरणाऱ्याने फांदीच्या बरोबर खाली उभे राहू नये, एवढे पथ्य पाळावे. रोगट झाडावरून निरोगी झाडाकडे जाताना पाती स्पिरिटने पुसावीत. एका हंगामात झाडाच्या हिरव्या पसाऱ्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कधीही काढू नये. म्हाताऱ्या झाडाला त्याहून कमी.

तीन टप्प्यांचा हा काप वीस फुटांवर घेण्यासाठी दोन्ही हात मोकळे लागतात, आणि दोराचे महत्त्व इथे कळते. डाव्या हाताने फांदीला मिठी मारून उजव्याने कोयता चालवणारा माणूस काप जिथे हात पोचेल तिथे घेतो, झाडाला हवा तिथे नाही. त्याचे कौशल्य कमी नसते. त्याची जागाच त्याला अडवते. दोरावर बसलेला माणूस फांदीच्या टोकापर्यंत चालत जाऊ शकतो, वळू शकतो, काप कुठे घ्यायचा ते न्याहाळू शकतो. त्यासाठी लागणारा हार्नेस बांधकामावर दिसणाऱ्या पट्ट्याहून वेगळा असतो. बांधकामावरचा हार्नेस पडलेल्या माणसाला पाठीकडून झेलतो. तो आयएस ३५२१ या भारतीय मानकाप्रमाणे असला तरी त्यात बसून तासभर काम करता येत नाही. झाडावरच्या हार्नेसला मांड्यांखाली रुंद बैठक असते आणि दोर पुढून जोडला जातो. कमरेच्या दोन्ही बाजूंना आणखी कड्या असतात, त्यांतून आखूड दुसरा दोर फांदीभोवती घेतात. करवत चालू असताना माणूस अशा दोन ठिकाणी बांधलेला असलाच पाहिजे, म्हणजे चुकून एक दोर कापला गेला तरी दुसरा धरून ठेवतो.

दोर कशाचा, हे सुरतेतल्या माणसाला पटकन समजेल, कारण या शहराचे पोट कृत्रिम धाग्यावर चालते. बाजारात स्वस्त मिळणारा पिवळा-निळा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो साधारण १६५ अंशांना वितळतो, उन्हात ठिसूळ होतो, आणि भार घेऊन सालीवर घासला की आपल्याच उष्णतेने चकाकतो आणि कडक पडतो. पॉलिस्टर २५० अंशांच्या पुढे वितळते, भाराखाली कमी ताणले जाते, म्हणून चढण्याच्या दोराचे बाहेरचे वेष्टन बहुतेक पॉलिस्टरचे असते. नायलॉन बळकट असले तरी जास्त ताणले जाते, त्यामुळे झेलायला चांगले आणि चढायला त्रासाचे. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे या दोराची ताकद किमान ५,४०० पौंड, म्हणजे सुमारे २,४५० किलो भाराची असावी लागते. माणसाच्या वजनापुढे हा आकडा अवाढव्य वाटेल, पण गाठीत दोराची ताकद घटते, वापराने आणखी घटते, आणि घसरलेला माणूस थांबताना वजनाच्या कित्येक पट झटका देतो. म्हणून चढायचा दोर आणि फांद्या उतरवायचा दोर वेगवेगळे ठेवावेत. चढायच्या दोराने कधीही गाडी ओढू नये, आणि दररोज तो हातातून वीतभर वीतभर सरकवत तपासावा. कुठे मऊ, चपटा किंवा कडक लागला तर तो कामातून बाद करावा. चढण्याची गाठ ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गाठीच्या कुळातली असते: दोराभोवती गुंडाळलेला लहान फास भार नसताना सरकतो आणि भार आला की आवळतो. ही गाठ जमिनीपासून दोन फुटांवर शंभर वेळा बांधून झाल्याशिवाय कोणीही वर जाऊ नये.

चेनसॉबद्दल दोन शब्द वेगळे. काम झपाट्याने होते म्हणून ते यंत्र सर्वांना हवेसे वाटते, पण त्याच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला तर यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. दोन्ही हातांची पकड, चालू स्थितीतला चेन ब्रेक, हनुवटीला पट्टा असलेले हेल्मेट, डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, कानांवर मफ, पायांत जाड बूट ही किमान तयारी आहे. चेनसॉसाठीच्या विजारीत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागताच ते ओढले जाऊन चाकात अडकतात आणि साखळी थांबते. सुरतेच्या उकाड्यात ती अंगावर नको वाटते हे खरे, पण त्यावरचा उपाय काम पहाटे सुरू करून अकराच्या आत संपवणे हा आहे, विजार काढून ठेवणे हा नव्हे. जी फांदी हातकरवतीने पाच मिनिटांत निघते तिच्यासाठी चेनसॉ वर नेऊच नये. भोथरी साखळी जोर लावायला भाग पाडते आणि जोर लावणारा हात घसरतो, म्हणून धार लावण्याची कानस यंत्राइतकीच महत्त्वाची.

चांगल्या माणसाचा दिवस झाडाखालून सुरू होतो. तो आधी बुंध्याभोवती फिरतो. माती एका बाजूने उचलली आहे का, बुंध्यावर अळंब्या आल्या आहेत का, गटारासाठी किंवा पेव्हर ब्लॉकसाठी मुळे तोडली आहेत का, दोन सारख्या जाडीची खोडे अरुंद बेचक्यात साल दाबून वाढली आहेत का, हे तो पाहतो. लाकडी हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठून येतो ते ऐकतो. मग वर पाहतो: आग्या मोहोळ आहे का, घरट्यांत अंडी आहेत का. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे रानपक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना धक्का लावणे हीदेखील शिकारच मानली जाते, तेव्हा पिल्ले उडेपर्यंत ती फांदी राहू द्यावी. सुरतेत आणखी एक गोष्ट पाहावीच लागते, ती म्हणजे उत्तरायणाचा मांजा. काचेची पूड लावलेला हा दोरा महिनोन्‌महिने फांद्यांत गुरफटलेला असतो. तो बोटे कापतो, चढायच्या दोराचे वेष्टन खरवडतो आणि पक्ष्यांचा जीव घेतो. चढताना तो काखेतल्या पिशवीत गोळा करत जाणे हा इथल्या कामाचा भागच समजावा. विजेची तार झाडापासून तीन मीटरच्या आत असेल तर कामच सुरू करू नये. भाग टोरंट पॉवरचा असो की दक्षिण गुजरात वीज कंपनीचा, आधी कंपनीला कळवून प्रवाह बंद करून घ्यावा. ओली फांदी, ॲल्युमिनियमची शिडी आणि लांब दांड्याची करवत, तिन्ही वीज वाहून नेतात.

एवढे पाहून झाले की खालची जागा दोरीने अडवतात आणि गाड्या हलवतात. जड पिशवी बांधलेली बारीक दोरी बळकट बेचक्यातून फेकून तिच्यामागे मुख्य दोर ओढून घेतात. दोघांनी त्याला एकदम लोंबकळून बेचके तपासल्यावरच चढाई सुरू होते. पायाला लोखंडी काटे लावून चढणे फक्त पाडायच्या झाडावर क्षम्य आहे, कारण जिवंत झाडाला प्रत्येक पावलागणिक एक जखम होते. मोठ्या फांद्या सोडून देत नाहीत. दोर बुंध्याभोवती दोन-तीन वेढे घेऊन खालचा माणूस त्या सावकाश उतरवतो. हा खालचा माणूस मदतनीस म्हणून दुय्यम समजला जातो, पण वरचा बेशुद्ध झाला तर त्याला उतरवणारा तोच. म्हणून त्यालाही चढता आले पाहिजे आणि दुसरा दोर, दुसरा हार्नेस जागेवर हवा. एकटाच माणूस काम करायला आला तर त्याला नम्रपणे परत पाठवा.

यावर आक्षेप येतात आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पहिला वाऱ्याचा: उंची कमी केली तर झाड कमी हलेल, हे तर उघड आहे. त्या एका पावसाळ्यापुरते ते खरेही आहे. पण पावसाने भिजलेल्या जमिनीत झाड अनेकदा मुळांकडून उपटते, आणि पानांवाचून उपाशी राहिलेली मुळे आणखी दुबळी होतात. वाऱ्याचा जोर कमी करायचाच असेल तर वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि टोकाकडे अती जड झालेल्या फांद्या काढाव्यात. लांब फांदी आखूड करायची झाल्यास तिच्या निदान एक तृतीयांश जाडीच्या उपफांदीपर्यंतच करावी, म्हणजे वाढीला नवे टोक मिळते. वडाच्या पारंब्या अडचण म्हणून तोडू नयेत. भरूचजवळ नर्मदेच्या बेटावरच्या कबीरवडाकडे पाहावे, तिथे पारंब्यांचेच खांब झाले आहेत आणि पसारा त्यांच्यावर उभा आहे. जे झाड खरोखर धोकादायक आहे, ज्याचे खोड आतून पोखरले आहे, त्याला बोडके करून ठेवण्यापेक्षा जाणकाराकडून तपासून, परवानगी घेऊन काढणे आणि त्या जागी दुसरे लावणे अधिक प्रामाणिक आहे.

दुसरा आक्षेप सह्याद्रीतून येतो. कोकणात शेतकरी भातरोपांच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या वर्षानुवर्षे तोडत आले आहेत आणि ती झाडे जगली आहेत, मग आपल्या झाडाचे काय बिघडते? फरक वयाचा आणि नेमाचा आहे. राबाचे झाड लहानपणापासून त्याच जागी तोडले जाते. तिथल्या फांद्या बारीक असतात, त्यामुळे जखमा लहान राहतात आणि झाड त्या सवयीने वाढते. शिवाय त्याच्याखाली शाळेची बस थांबत नाही. पंचवीस वर्षे मोकळे वाढलेल्या पर्जन्यवृक्षाची मांडीएवढी फांदी एके दिवशी मध्येच तोडणे ही निराळीच गोष्ट आहे. तिसरा आक्षेप बागायतदारांचा: डाळिंबाच्या छाटणीनंतर बोर्डो पेस्ट लावतात, मग इथे डांबर किंवा रंग का नको? बागेत पेस्ट ठरावीक रोगांविरुद्ध, ठरावीक वेळी, लहान कापांवर लावतात. ते औषध आहे. डांबर आणि तैलरंग औषध नव्हेत. शायगो यांच्यासह अनेकांच्या पाहणीत अशा लेपांनी कूज थांबलेली आढळली नाही. उलट खालचा ओलावा अडकून राहू शकतो. ढोलीत सिमेंट भरण्याची चालही अशीच. १९०१ मध्ये ‘द ट्री डॉक्टर’ लिहिणाऱ्या जॉन डेव्ही यांच्या काळात ढोल्या भरणे हा उत्तम उपचार मानला जाई. पुढे कळले की झाड वाऱ्यात वाकते, सिमेंट वाकत नाही, आणि दोहोंच्या फटीत पाणी साचते. ती पद्धत मागे पडली. ढोली उघडी राहू द्या, पोपटाला उपयोगी पडेल.

चौथा आक्षेप पैशाचा आहे आणि तो सर्वांत जड आहे. दोर-हार्नेसवाला माणूस महाग पडतो. पण शेंडा उडवलेल्या झाडाचे फुटवे पुन्हा पुन्हा छाटावे लागतात, तर नीट छाटलेले झाड काही वर्षे हात मागत नाही. हिशोब एका वर्षाचा न करता पाच वर्षांचा करावा. त्यातच अपघाताची शक्यता धरली, तर विनादोर चढलेल्या माणसाच्या पडण्याचे मोल कोणत्याही सोसायटीच्या निधीत मावत नाही. अनवाणी चढणाऱ्या अनुभवी हातांना यात कमीपणा नाही. झाडाचा तोल ओळखणारी त्यांची नजर विकत मिळत नाही. दोर विकत मिळतो. चार-पाच सोसायट्यांनी मिळून एक संच घेतला आणि अशाच माणसाला तो वापरायला शिकवण्याची सोय केली, तर कौशल्य आणि सुरक्षितता एका जागी येतील आणि त्याला वर्षभराचे कामही मिळेल.

आता प्रत्यक्ष काय करावे ते. छाटणीचा विचार मे अखेरपर्यंत ढकलू नका. होळीच्या आसपास झाड पाहून घ्या. मोठी छाटणी किंवा तोड करायची असेल तर झाड आवारात असले तरी सुरत महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडून लेखी परवानगी घ्या. महाराष्ट्रातल्या शहरांत राहणाऱ्यांना १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे, हे तिथल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. कोणत्या फांद्या, कशासाठी, कुठपर्यंत, हे ठेकेदाराकडून कागदावर घ्या. ‘झाड हलके करून देतो’ एवढ्यावर काम देऊ नका. दोर, हार्नेस, हेल्मेट, दुसरा चढणारा आणि कामगारांचा विमा या पाच गोष्टी डोळ्यांनी पाहा. काम संपल्यावर पैसे देण्याआधी काप पाहा: खुंट नाही, खोड सोललेले नाही, कॉलर शाबूत आहे. आणि पुढच्या होळीला त्याच कापापाशी पुन्हा उभे राहा. चहूबाजूंनी सालीचे सारखे गोल कडे येत असेल तर काप जागी पडला होता. तो ज्याने घेतला, त्यालाच पुढच्या खेपेला बोलवा.